बारा वाजून आठ मिनिटं

ज्या अंदाजापायी माझ्या नणंदेची मुलगी गेली, तो मी स्वतः केला होता. तासगावच्या बाहेर, बेदाण्याच्या जुन्या कोल्ड स्टोरेजमध्ये बसून, भर दुपारी, पुरत्या शुद्धीत. चूक गुणाकारात नव्हती. गुणाकार मी तीनदा तपासले होते. गॅस बंद केलाय की नाही हे तीनदा बघणारी बाई आहे मी. माझी गार्गी गाढ झोपली असली तरी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघून येते.

त्या इमारतीत आता बेदाणे नसतात. जाड भिंती आणि गारव्याची आयती सोय म्हणून डॉ. शर्मिष्ठा मगदूम यांनी ती घेतली आणि आत सर्व्हरची चार कपाटं उभी केली. पावसाळ्यात भिंतींना अजून गोडसर वास सुटतो. डॉक्टर मगदूम आमच्या भागातल्या जुन्या प्रसूतितज्ज्ञ. ‘चाहूल’ त्यांची. मी तिथली इंजिनिअर. सर्व्हर, लाइन, प्रोग्रॅम, सगळं माझ्याकडे. गार्गी झाल्यावर पुण्याची नोकरी सोडून सासरी आले होते, त्यामुळे हे काम मिळालं तेव्हा देव पावल्यासारखं वाटलं. आणि बाबरदादा. ते अठरा वर्षं त्याच इमारतीतला कॉम्प्रेसर सांभाळत होते, पुढेही तेच सांभाळत राहिले. बेदाणे जाऊन सर्व्हर आले, एवढाच त्यांच्या लेखी फरक. “बेदाणा बरा होता मॅडम,” म्हणायचे, “गरम झाला तर ओरडत न्हवता.”

चाहूल म्हणजे एक सुती पट्टा. सातव्या महिन्यापासून पोटावर बांधायचा. त्याच्या अस्तरात विणलेले संवेदक बाळाच्या हृदयाचे ठोके आईच्या ठोक्यांपासून वेगळे करून टिपतात. पण शोध पट्ट्याचा नव्हता, तसे पट्टे आधीही होते. शोध होता दोन ठोक्यांमधल्या अंतराचा. बाळाची नाळ दाबली जाऊ लागली की ठोके मंदावण्याच्या बरंच आधी, ते अंतर एका विशिष्ट रीतीनं डळमळू लागतं. कानाला ते कळत नाही, आलेखावर डॉक्टरांच्या डोळ्यालाही दिसत नाही. हजारो गरोदरपणांच्या नोंदींवरून शिकलेल्या प्रोग्रॅमला मात्र कळतं, आणि चाळीस-पन्नास मिनिटं आधी कळतं. चाळीस मिनिटांत तालुक्यातल्या कुठल्याही गावातून डॉक्टर मगदूमांच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत येता येतं. सगळा खेळ त्या चाळीस मिनिटांचा होता. चौदा महिन्यांत सव्वीस बाळं त्या मिनिटांमुळे वाचली.

हा प्रोग्रॅम मोबाईलला झेपणारा नव्हता. पट्ट्याचे ठोके आमच्याकडे यायचे, विश्लेषण आमच्याकडे व्हायचं, आणि धोका दिसला तर सूचना आमच्याकडून थेट घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्या मोबाईलवर जायची. एखाद्या मोठ्या कंपनीचे सर्व्हर भाड्यानं मिळाले असते, पण बाईच्या पोटातले ठोके डायपर विकणाऱ्यांच्या हाती द्यायचे नाहीत हा डॉक्टरांचा हट्ट. म्हणून आमचेच सर्व्हर, आमचीच फायबर लाइन. ती केवढ्या क्षमतेची घ्यायची हे मी ठरवायचं होतं.

लाइनला दोन दिशा असतात, आत येणारी आणि बाहेर जाणारी. आत येणार होते ठोके. एका पट्ट्याचे सेकंदाला पन्नास किलोबिट, पट्टे तीनशे चाळीस, म्हणजे सतरा मेगाबिट. किरकोळ. बाहेर जाणार होत्या दोनच गोष्टी. एक, धोक्याची सूचना: जेमतेम दोनशे अक्षरं, तीही कधीतरी. दुसरी, चित्र, त्या ठोक्यांवरूनच आमचा सर्व्हर काढायचा ते. घरच्यांना मोबाईलवर बाळाचं हृदय हलताना दिसायचं. फक्त हृदय, बाकी काही दाखवायला कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. उपचारासाठी त्या चित्राचा उपयोग शून्य. पण त्याच्यामुळेच बायका पट्टा काढत नव्हत्या आणि सासवा काढू देत नव्हत्या. एका चित्राला दोन मेगाबिट लागत.

मी सहा आठवडे मोजलं. सगळ्यांत जास्त गर्दी जेवणानंतर, तेव्हाही एका वेळी चित्र बघणारे चाळीसच. म्हणजे ऐंशी मेगाबिट. त्याची तिप्पट धरली, वर आणखी थोडं धरलं, आणि तीनशेची लाइन पुरेल असं लिहिलं. ती कधी भरणारच नाही असं गृहीत धरल्यामुळे सूचनांसाठी वेगळी वाट राखली नाही. त्यासाठी अर्ध्या दिवसाचं काम होतं. करू नंतर, असं वाटलं.

बाबरदादा समोर चहा घेऊन बसले होते. सणासुदीचं धरलं का, त्यांनी विचारलं. धरलं होतं, दिवाळी, संक्रांत, क्रिकेटचा अंतिम सामनासुद्धा.

“आन् गिराणाचं?”

मला हसू आलं. म्हटलं, दादा, आपण दवाखान्याचं काम करतोय.

“तुमी न्हाई मानत हो,” ते म्हणाले. “पर मानणाऱ्या बाया मोजल्या का?”

मी हे डॉक्टरांना गंमत म्हणून सांगितलं. त्याही हसल्या. अंदाजाच्या कागदावर ग्रहण असा रकाना दिसला तर लोक माझी पदवी तपासायला येतील, म्हणाल्या. मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, बरं वाटलं. ग्रहणात चिरू नये, शिवू नये, हलू नये, नाहीतर बाळ अधू होतं, हे ऐकत आणि त्यावर चिडत मी वाढले होते. त्याला माझ्या गणितात जागा द्यायची नव्हती.

वैजयंती, म्हणजे माझ्या नवऱ्याची, धैर्यशीलची धाकटी बहीण, आमची वैजू, एप्रिलमध्ये पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर कराडचं. मला सख्खी बहीण नाही. वैजूनं ती उणीव माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी भरून काढली होती, माझ्या वाटचे पापड परस्पर लाटून. ती आली आणि घर हलकं झालं. पट्टा मी स्वतः तिच्या पोटावर बांधला. ती गार्गीला जवळ घेऊन मोबाईलवर ठोका दाखवायची. गार्गी तीन वर्षांची, तिला वाटायचं बाळ टीव्हीत आहे.

मे महिन्यात ग्रहण आलं. सकाळी दहाच्या सुमारास लागणार, पावणेदोनला सुटणार. आदल्या दिवशीपासून आमच्या सासूबाईंची तयारी. आई कुणावर जबरदस्ती करणाऱ्यातल्या नाहीत, पण वैजूला त्यांनी मधल्या खोलीत बसायला सांगितलं, काही खायचं नाही, सुरी-कात्रीला हात लावायचा नाही. वैजूनं माझ्याकडे बघितलं. मी नाक मुरडलं. कामाला निघताना दारातून मुद्दाम आईंना ऐकू जाईल असं म्हणाले, “वैजू, काही होत नसतं. आणि गार्गीला उपाशी ठेवू नका, पोरगी आहे ती.”

अकरा वाजता बाबरदादांनी हाक मारली. पडद्यावर बाहेर जाणाऱ्या वाहतुकीची रेघ चढत होती. साडेअकराला ती वरच्या कडेला टेकली आणि तिथंच राहिली.

मी कोण बघतंय ते पाहिलं. सगळे बघत होते. तीनशे चाळीस बायका तीनशे चाळीस खोल्यांमध्ये हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या होत्या, आणि प्रत्येकीचा ठोका ती स्वतः, तिची सासू, तिची आई, परगावी असलेला नवरा, सगळे एकाच वेळी बघत होते. ग्रहणात बाळ ठीक आहे ना एवढंच त्यांना बघायचं होतं. साडेतेराशे मोबाईल. लागणार होते दोन हजार सातशे मेगाबिट, आणि होते तीनशे. त्यात चित्र अडलं की लोकांना वाटे ठोकाच थांबला. मग ते घाबरून बंद करून पुन्हा उघडत, आणि गर्दी आणखी वाढे. फोन वाजायला लागले. एक आजी नुसत्या रडत होत्या.

चित्र सगळ्यांचंच बंद करावं का, हा प्रश्न माझ्यासमोर तिथंच होता. एक कळ दाबायची होती. पण ऐन ग्रहणात तीनशे चाळीस घरांत एकदम हृदयाचं चित्र नाहीसं झालं असतं तर त्या बायकांचं काय झालं असतं, या विचारानं मी ती दाबली नाही. चित्राचा दर्जा हळूहळू कमी करत बसले. सूचना काय, दोनशे अक्षरांची, गर्दीत मुंगीला वाट मिळतेच, असं स्वतःला सांगितलं. मध्येच एकदा माझ्या मोबाईलवर वैजूचं चित्र उघडलं. ते फिरत राहिलं, उघडलं नाही. घरचे सगळे एकदम बघत असतील म्हणून अडलं असेल, असं मनात आलं आणि मी ते बंद केलं.

पावणेएकला धैर्यशीलचा फोन आला. सूचना आली होती. तो वैजूला गाडीत घालून निघालाही होता.

दवाखान्यात डॉक्टर मगदूम दारातच थांबल्या होत्या. वैजू टेबलावर गेली तेव्हा ठोका नव्हता. नाळेचा पीळ दाबला गेला होता. मुलगी होती, पूर्ण वाढलेली, नाकाला आमच्या आईंची ठेवण. बाहेर येऊन डॉक्टर माझ्याजवळ भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, अर्धा तास आधी आणली असती तर रडत बाहेर आली असती गं. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही घरी परतलो तेव्हा ग्रहण सुटून गेलं होतं आणि गल्लीत ज्याच्या त्याच्या अंगणात आंघोळीचं पाणी वाहत होतं.

नंतरचे दिवस मी नीट सांगू शकत नाही. वैजूला दूध यायचं थांबेना. आईंनी तिच्या छातीला पंचा आवळून बांधला आणि रात्रभर तिच्या उशाशी बसल्या. भेटायला येणाऱ्या बायका हळू आवाजात एकच विचारायच्या, ग्रहण पाळलं नव्हतं का. आई काही बोलायच्या नाहीत. वैजू मात्र प्रत्येकीला त्या दुपारचं सांगायची. गार्गी भूक लागली म्हणून रडत होती. आई देवापाशी होत्या. वैजू उठली आणि तिनं गार्गीला आंबा चिरून दिला. “सव्वाबारा झाले होते,” ती म्हणायची. “मी घड्याळ बघितलं, अजून किती वेळ राहिला म्हणून. सव्वाबारा. तरी मी सुरी धरली.”

कुणी तिला गप्प केलं तर ती थोड्या वेळानं पहिल्यापासून सांगायची, अगदी त्याच शब्दांत.

तिनं मला दोष दिला नाही. आंबा माझ्या लेकीसाठी चिरला होता, माझ्या सांगण्यावरून चिरला होता, पण ती कधी तसं बोलली नाही. फक्त गार्गी जवळ गेली की ती हात मागे घ्यायची. गार्गीनं एकदा मला विचारलं, आत्याच्या हाताला बाऊ झालाय का. जावई भेटायला आले तेव्हा वैजूनं त्यांना भिंतीकडे तोंड करून सांगितलं, की मला पुन्हा मूल नको, माझ्या हातात ते नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी कामावर गेले आणि त्या दिवसाच्या नोंदी उघडल्या. मला फक्त खात्री करायची होती की आमच्या प्रोग्रॅमला उशिरा कळलं. त्याला उशिरा कळलं नव्हतं. पट्टा क्रमांक दोनशे एकोणीस, वैजूचा, बारा वाजून आठ मिनिटांनी धोका ओळखला. त्याच मिनिटाला सूचना पाठवली. लाइन भरलेली, गेली नाही. लाइन भरलेली असेल तर गर्दी वाढवू नये, दरवेळी दुप्पट थांबून पुन्हा प्रयत्न करावा, असा एक नियम असतो. शहाणा नियम आहे, सगळीकडे वापरतात, तो मीच घातला होता. त्यानुसार एक मिनिट थांबून बारा नऊला पुन्हा प्रयत्न. मग दोन मिनिटं थांबून बारा अकराला. मग बारा पंधरा. मग बारा तेवीस. मग सोळा मिनिटं थांबून बारा एकोणचाळीस, आणि तेव्हा एकदाची ती गेली.

मी कितीतरी वेळ त्या सहा ओळी बघत बसले. एकतीस मिनिटांचं मला आधी कळलं. त्यानंतर दुसरं कळलं. आंबा सव्वाबाराला चिरला होता. त्याच्या सात मिनिटं आधी नाळ दाबली जात होती, तशी नोंद होती. वैजूला सोडवणारी गोष्ट जगात एकच होती, आणि ती माझ्याकडे होती. ती तिला द्यायची तर तिच्या बाळाला कुणी उशीर केला हे त्यातच लिहिलेलं होतं.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, सूचनांची वाट आजच वेगळी कर. ती मी आधीच केली होती. मग म्हणाल्या, केतकी, हे बाहेर गेलं तर आठवड्यात तीनशे पट्टे परत येतील, आणि त्यातली दोन-तीन बाळं या पावसाळ्यात जातील, तीही आपल्याच नावावर धर. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा बरोबर असण्याचीच शक्यता जास्त होती. मी घरी आले आणि नऊ दिवस कुणाला काही सांगितलं नाही. त्या नऊ दिवसांत वैजूनं आंब्याची गोष्ट किती जणींना सांगितली ते मला माहीत आहे. मी मोजत होते.

दहाव्या दिवशी दुपारी ती मागच्या दारी पायरीवर बसली होती. गार्गी तिच्यापासून चार हात लांब, हल्ली बसायची तशी, एकटीच दगड मांडत होती. मी छापलेला कागद घेऊन वैजूशेजारी बसले. ओळीवर बोट ठेवून सगळं सांगितलं, लाइन कशी भरली, सूचना कुठं अडकली, कितीदा परत फिरली. ती ऐकत होती की नाही कळेना. मग तिनं पहिल्या ओळीवर नख ठेवलं.

“हे बारा आठ. म्हणजे काय?”

“तेव्हा नाळ दाबली जात होती. तेव्हाच कळलं होतं मशीनला.”

“आंबा मी सव्वाबाराला चिरला.”

“हो.”

“म्हणजे मी नाही.”

“तू नाही, वैजू. तू काहीच केलं नाहीस.”

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती कागदाची घडी घालत राहिली, लहान, आणखी लहान. मग तिनं विचारलं, “एवढी माणसं एकदम बघतील, असं कुणी बोललं नव्हतं तुम्हाला?”

नाही म्हणता आलं असतं. बाबरदादा कधीच काही बोलले नसते.

“बोलले होते,” मी म्हणाले. “मी हसले होते.”

 आत स्वयंपाकघरात आईंच्या भांड्यांचा आवाज थांबला होता, ते मला तेव्हा जाणवलं.

“ग्रहणानं नेलं असतं तर पुढच्या खेपेला मी पाळलं असतं,” वैजू म्हणाली. “घट्ट बसून राहिले असते. पण इथंच आले असते, वहिनी, तुमच्याकडे. आता मी बाळंतपणाला कुठं येऊ?”

तिच्या आवाजात राग नव्हता. 

ती उठली आणि गार्गीजवळ गेली. तिच्यासमोर मातीतच बसली, तिला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून कितीतरी वेळ बसून राहिली. गार्गी दगड मुठीत धरून गप्प होती, हलली की आत्या पुन्हा लांब जाईल अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी जावई गाडी घेऊन आले. कुंकू आईंनी लावलं. मी ताट धरून उभी होते.

अहवाल मी नंतर सगळ्यांसमोर ठेवला. डॉक्टर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. नव्वद पट्टे परत आले. त्यांतल्या कुणाचं काही वाईट झालं की नाही, मी विचारून घेतलं आहे. एकीचं झालं.

त्याला आता दोन वर्षं होतील. वैजू दर रविवारी आईंच्या फोनवर गार्गीशी बोलते. चित्र दिसतं तेव्हा मी ओट्यापाशी, भिंतीच्या आड असते. गार्गी “आई पण आहे” म्हणून फोन वळवायला जाते, तेव्हा पलीकडून काहीतरी अडचण येते आणि फोन बंद होतो.

मार्चमध्ये आईंनी सांगितलं, की वैजूला सातवा लागला. बाळंतपण कराडलाच करणार, आईच तिकडे राहायला जाणार. पट्टा बांधणार का, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. चाहूल आता कराडपर्यंत गेलीय. एके सकाळी यादीत एक नवा क्रमांक दिसला, गाव कराड, वय एकतीस, दुसरी खेप. नावं आम्हाला दिसत नाहीत. चित्र बघण्याची परवानगी चार मोबाईलना दिलेली होती. शेवटच्या आकड्यांवरून आई आणि धैर्यशील ओळखू आले. माझा नव्हता. सगळ्या चित्रांची किल्ली माझ्याकडे असते. मी ते उघडत नाही. क्रमांकापुढे हिरवा ठिपका आहे एवढं बघते, आणि दुसरं काम काढते. तीन वेळा बघते.

काल आईंची पिशवी भरली. डिंकाचे लाडू करायला मी बसले, तशा त्या शेजारी येऊन बसल्या. त्या दुपारी स्वयंपाकघरातून त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण त्या विषयावर त्या माझ्याशी आजवर एक अक्षर बोललेल्या नाहीत. मी म्हटलं, लाडू शेजारच्या काकूंनी दिलेत म्हणून सांगा.

आई खोबरं भाजत होत्या. 

“वळखंल ती,” म्हणाल्या. “तुझ्या लाडवात सुंठ जास्त असती.”

मी सुंठ कमी घातली.